सगळ्यांबरोबर हसलेली बाई

काशीत राहून तोंड बंद ठेवणारं माणूस विरळा. इथला पानवालासुद्धा चुना लावता लावता देशाचं राजकारण निकालात काढतो. अशा गावात जन्मून, वाढून, म्हातारी होत आलेली सुनीती तिवारी मात्र अबोल म्हणूनच ओळखली जायची. तिच्या ऑफिसातले लोक म्हणायचे, तिवारीजी यानी भली औरत. भली म्हणजे काय, तर कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. हा दाखला तिला चार वर्षं फार आवडत होता.

ती माहेरची आठल्यांची. वडील शिवरामशास्त्री राजा घाटाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत मुलांना वेद शिकवायचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, हा तिकडच्या सगळ्याच मराठी घरांचा रिवाज. सुनीतीनं विद्यापीठात शिकताना विष्णु तिवारीशी लग्न ठरवलं आणि शास्त्रीबुवांनी दार लावून घेतलं, ते शेवटपर्यंत उघडलं नाही. सासरी गेली तर तिथे तिच्या बोलण्याची नक्कल करून पोरंटोरं हसायची. "मरहट्टिन भाभी, फिर से बोलिए ना!" तिनं पुन्हा बोलणं सोडून दिलं. होता होता मराठी दोनच जागी उरली, देवापुढे आणि आकडे मोजताना. शिवाय स्वयंपाकघरात मराठी पंचांगाचं कॅलेंडर टांगलेलं असायचं. ते ती दर वर्षी आठवणीनं आणायची, त्यात काही तडजोड नाही.

नोकरी लग्नानंतरची, त्यामुळे कागदोपत्री ती पहिल्यापासून तिवारीच. एका सरकारी बँकेचं प्रादेशिक कार्यालय, तिथला आवक-जावक टपालाचा विभाग. चार वर्षांपूर्वी ती शाखेतून इथे आली तेव्हा कुणीतरी तिच्यापुढे कागद सरकवला, "यहाँ दस्तखत कर दीजिए." तिनं सही केली आणि ती कार्यालयातल्या तक्रार समितीची सदस्य झाली. कामाच्या ठिकाणी बाईमाणसाला त्रास झाला तर तक्रार ऐकणारी समिती. पाण्याच्या मशीनशेजारी फलक लागला, त्यावर चार नावांत तिसरं तिचं. दर वर्षी मार्चमध्ये अहवाल जायचा, प्राप्त तक्रारी शून्य. त्यावरही ती सही करायची. शून्यावर सही करायला कितीसा वेळ लागतो?

गेल्या वर्षी जूनमध्ये देवदत्त उपासनी मुख्य प्रबंधक होऊन आले. कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे प्रस्ताव आणि नव्या पोरांचे प्रोबेशनचे शेरे त्यांच्या हातात. सुनीतीनं पाटीवरचं नाव वाचलं आणि तिला इतका आनंद झाला की तिचं तिलाच हसू आलं. ऑफिसात मराठी माणूस! तिनं रिक्षात बसून एक वाक्य तयार केलं, दोनतीनदा मनात घोळवलं. "साहेब, माझं माहेर राजा घाटाच्या मागच्या गल्लीतलं. मी मराठीच आहे." एवढंच. टपालाची फाइल घेऊन ती आत गेली. साहेब फोनवर होते, मराठीत. "अरे कसलं काय! आत्ताच एक आली आहे बघ टपाल घेऊन. म्हातारी म्हैस. सगळं ऑफिस असलंच. एखादं कोवळं पाखरू पाठवा म्हणावं इकडे." मग फोनवर हात ठेवून, अगदी गोड हसून, "रखिए, माताजी."

तिनं फाइल ठेवली. ते वाक्य तिनं गिळलं, ते पोटात कुठेतरी जाऊन बसलं.

बाहेर येऊन तिनं सवयीनं पाकिटं मोजायला घेतली आणि तिच्या लक्षात आलं, की आता ओठ हलता कामा नयेत. का हलता कामा नयेत ते तिला सांगता आलं नसतं. पण त्या दिवसापासून ती घाबरून राहायला लागली, एखाद्यानं दुसऱ्याची वस्तू चोरून पदराखाली धरावी तशी. वस्तू कसली, तिचीच मातृभाषा ती!

नोव्हेंबरात मुक्ता आली. परभणीची, चोवीस वर्षांची, पहिलीच नोकरी, प्रोबेशन. अंगानं किरकोळ, हिंदी पुस्तकी. "मैं अभी आती हूँ" म्हणताना इतके नीट उच्चार करायची की ऑफिसातली मुलं गालात हसायची. तिला उपासनींच्या केबिनसमोरचं टेबल मिळालं. साहेब सगळ्यांना सांगायचे, "हमारे मुलुक की बच्ची है, भाई. इसका ख़याल रखना." लोकांना ते फार भावलं. परक्या गावात लेकीसारखं जपणारा साहेब भेटणं ही काय लहान गोष्ट आहे?

डिसेंबरातल्या एका सकाळी, अख्खा हॉल भरलेला असताना, साहेब मुक्ताच्या टेबलाशी थांबले. डबा आणलास का, असं विचारावं त्या मोकळ्या, मोठ्या आवाजात त्यांनी मराठीत विचारलं, "काय गं, रात्री एकटीच झोपतेस ना? थंडी वाजत असेल. मी येऊ का उबेला?" आणि स्वतःच खो खो हसले. साहेब हसले म्हणून बाजूचे दोघे हसले, मग अख्खा हॉल हसला. कुणाला ओ की ठो कळलेलं नव्हतं. मुक्ता खाली मान घालून बसली होती, तिचे कान लाल झाले होते. साहेबांची नजर हॉलभर फिरत फिरत टपालाच्या कोपऱ्याकडे आली.

सुनीती हसली.

नसती हसली तर साहेबांनी विचारलं असतं, क्यों तिवारीजी, आपको क्या हुआ? तेवढ्या एका क्षणात तिला हे दिसलं आणि तोंड आपोआप हसलं. मग दुसऱ्यांदा हसणं सोपं गेलं. तिसऱ्यांदा आणखी सोपं. आपण कसले भेकड आहोत हे माणसाला असं हप्त्याहप्त्यानं कळतं. घरी आल्यावर ती कॅलेंडरवर त्या तारखेच्या कोपऱ्यात पेनाचा बारीक ठिपका द्यायची. का द्यायची, कुणासाठी, तिलाही ठाऊक नव्हतं. मार्चच्या सुरुवातीपर्यंत असे अकरा ठिपके झाले. शब्द लिहायची गरज नव्हती. ते तिला पाठ होते, आणि रात्री देवापुढे बसली की आरतीआधी तेच आठवायचे.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती नवऱ्याची औषधं घेऊन घाटाघाटानं घरी निघाली होती. भोसले घाटावर अगदी शेवटच्या पायरीवर मुक्ता बसलेली दिसली. चपला बाजूला काढून ठेवलेल्या, पाय पाण्यात. सुनीती शेवाळलेल्या पायऱ्यांवरून जमेल तितक्या लगबगीनं उतरली.

"बेटा, यहाँ काई है. फिसल जाओगी. ऊपर बैठो."

मुक्तानं वर पाहिलं. "जी, मैडम. बस ऐसे ही बैठी थी."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. समोर हिंदी बाई उभी आहे, तिला काय कळणार, या भरवशावर ती पोर मोकळेपणी मराठीत बोलायला लागली. "हो आई, जेवले. नाही गं, आवाज असाच येतोय, पाण्याजवळ आहे ना. साहेब चांगले आहेत. आपलेच आहेत, मराठी. काळजी घेतात." मग थोडं थांबून, "आई, मी नोकरी सोडून आले तर बाबा रागावतील का? नाही, सहज विचारलं. अगं सहज."

सुनीती औषधांची पिशवी छातीशी धरून उभी होती. एक शब्द. "बाळ" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण त्या शब्दामागून एक प्रश्न येणार होता, आणि त्या प्रश्नाची तिला साहेबापेक्षाही जास्त धास्ती होती. तुम्हाला कळत होतं? मग तुम्ही का हसलात? याला काय उत्तर देणार? मुक्तानं फोन ठेवला, चपला घातल्या. सुनीती म्हणाली, "चलो, अस्सी घाट तक साथ चलते हैं." दोघी हिंदीत हवापाण्याच्या गप्पा मारत चालत गेल्या.

मुक्तानं मार्चच्या मध्याला तक्रार दिली. पाण्याच्या मशीनशेजारचा फलक ती आठवडाभर वाचत उभी राहायची, ते सुनीतीनं पाहिलं होतं. दर वेळी तिला वाटायचं, ही आता वळेल आणि माझ्याकडे येईल. आणि दर वेळी ती टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकायची. शेवटी पोरीनं तक्रार समितीच्या अध्यक्षांकडे नेऊन दिली. अध्यक्ष निवेदिता श्रीवास्तव, कर्ज विभागाच्या प्रमुख, बाई सरळ पण घाईच्या. चारही सदस्यांना प्रती मिळाल्या. तक्रारीत लिहिलं होतं, "ते सगळ्यांसमोर बोलतात आणि सगळे ऐकतात. पण ते मराठीत बोलतात, म्हणून कुणालाच काही ऐकू येत नाही. आणि सगळे हसतात."

उपासनींचं उत्तर दोन दिवसांत आलं. मी मुलीची मातृभाषेत जेवणाखाण्याची चौकशी करत असे. तिच्या कामात चुका निघाल्या, त्याचा हा सूड. हॉलमधल्या सात जणांनी लिहून दिलं, की साहेब नेहमी प्रेमानंच बोलायचे, वातावरण हसतंखेळतं असायचं. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. त्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं. सुनीतीला ते सात कागद वाचताना घाम फुटला, कारण आठवा कागद कोरा होता आणि तो तिचा होता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बैठिए, तिवारीजी. पतिदेव की तबीयत कैसी है?"

"वैसी ही है, सर. बायाँ हाथ अभी नहीं उठता."

"बड़ी तकलीफ़ है आपको. देखिए, रॉबर्ट्सगंज की शाखा में एक जगह ख़ाली पड़ी है. ऊपर से आपका नाम आया था. मैंने रोक रखा है. मैंने कहा, बुज़ुर्ग महिला हैं, नौकरी के दो साल बचे हैं, पति लाचार हैं." ते टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा ठेवत होते. "कल मीटिंग है न? जल्दी निपटा दीजिए. लड़की का भी भला, हमारा भी."

ती म्हणाली, "जी सर." ती उठत होती तेवढ्यात त्यांनी फोन लावला. ती दारापर्यंत पोचायची वाट पाहण्याचीही त्यांना गरज वाटली नाही. "हां, झालं काम. म्हातारी तर घाबरून पाणी पाणी झाली. सांगेन तिथे सही करेल. आणि त्या पोरीला उद्यानंतर बघतोच. शेरा माझ्याच हातात आहे, कायमची परभणीला पाठवतो रडत." दाराची मूठ सुनीतीच्या हातात होती. ती फिरवायला तिला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विष्णुला चहा पाजताना त्याची नजर कॅलेंडरवर गेली. तीन वर्षांपूर्वी लकवा मारल्यापासून बिचाऱ्याला भिंती वाचण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. "ई बिंदी काहे की हैं? हमारी दवाई की?"

तिनं सांगितलं. सगळं नाही, पण पुष्कळसं. दूरच्या रॉबर्ट्सगंजच्या बदलीचंही सांगितलं. विष्णु वाईट माणूस नव्हता, पण पडून असलेला माणूस होता. "तुम उधर चली जाओगी," तो म्हणाला, "तो हमको उठाएगा कौन?" आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याचं तोंड पुसलं, बशी उचलली आणि ठरवून टाकलं. गप्प बसायचं. दोन वर्षं, फक्त दोन वर्षं. घरातून निघताना तिनं जुन्या कॅलेंडरचं डिसेंबरचं आणि नव्याची जानेवारी ते मार्चची पानं का फाडून पर्समध्ये घातली, हे विचारू नका. मी विचारलं होतं. तिला सांगता आलं नाही.

सुनावणी बैठकीच्या खोलीत अकरा वाजता. टेबलाच्या एका बाजूला समितीचे चौघे, श्रीवास्तव मॅडम, बाहेरून आलेल्या एक वकीलबाई, एक अधिकारी आणि सुनीती. समोर मुक्ता. आधी तिचं एकटीचं सांगून झालं होतं, मग वकीलबाईंनी विचारलं, साहेबांसमोर बोलशील का, नको असेल तर नको. पोर म्हणाली, बोलेन. मग टेबलाच्या टोकाला उपासनी येऊन बसले, स्वच्छ पांढरा शर्ट, कपाळाला गंध.

मुक्तानं पुन्हा सांगायला सुरुवात केली. हिंदीत ते शब्द येत नव्हते. ती अडखळायची, थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सांगायची. तारीख विचारली तर म्हणाली, सोमवार था शायद. साहेब कुठे मध्ये बोलत नव्हते, फक्त मान हलवत होते, लहान मुलाचं खोटं ऐकून घ्यावं तसे.

"सब हँसते थे," मुक्ता म्हणाली. "मुझे सबसे ज़्यादा वही..." आणि तिनं समोर पाहिलं. सुनीतीकडे नव्हे, चौघांकडेच. पण सुनीतीला वाटलं, माझ्याकडेच.

श्रीवास्तव मॅडमनी घड्याळ पाहिलं. "देखिए, एक की बात के सामने दूसरे की बात है. हम क्या करें?"

वकीलबाई म्हणाल्या, "उस हॉल में कोई तो होगा जो मराठी समझता हो. चपरासी, सफ़ाईवाली, कोई भी?"

उपासनी हसले, पहिल्यांदाच. "मैडम, आप पूरी बिल्डिंग में पूछ लीजिए. मराठी यहाँ बस हम दो ही हैं, मैं और ये बच्ची." मग मुक्ताकडे वळून, डबा आणलास का विचारावं त्याच मोकळ्या आवाजात, समितीच्या देखत, मराठीत म्हणाले, "बघ गं राणी. कुणी नाही तुला इथे. माझ्याशी गोड राहिली असतीस तर एवढं उघडं पडावं लागलं असतं का?" आणि समितीकडे पाहून हिंदीत, "मैंने कहा, बेटा, अब भी मान जाओ, घर की बात है."

अधिकारी सहानुभूतीनं हसला. साहेबांची नजर फिरत फिरत सुनीतीकडे आली. तिच्या हसण्याची आता त्यांना सवय होती.

सुनीतीचं तोंड हसायला निघालंसुद्धा. ओठ ताणले गेले. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी धैर्यबिर्य काही आलं नाही, भीती तेवढीच होती, उलट दुप्पट. विष्णुचं तोंड दिसत होतं, रॉबर्ट्सगंजची बस दिसत होती. फक्त तिला एवढंच कळलं, की हे बारावं. आता हसलं तर पुढे मोजायला काही उरणार नाही.

ती उठली. खुर्ची मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला.

"क्या हुआ, तिवारीजी?" श्रीवास्तव मॅडमनी विचारलं.

ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली. मुक्ताच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली. पर्समधून कॅलेंडरची पानं काढून टेबलावर ठेवली. मग तिनं उपासनींकडे पाहिलं, आणि जूनपासून पोटात बसलेलं ते वाक्य, थरथरत्या आवाजात का होईना, जसंच्या तसं बाहेर आलं.

"साहेब, माझं माहेर राजा घाटाच्या मागच्या गल्लीतलं. मी मराठीच आहे."

उपासनींच्या कपाळाचं गंध तसंच होतं, पण त्याखालचा चेहरा पांढरा पडला. जूनपासून या बाईसमोर आपण काय काय बोललो, हे ते आठवत असावेत. कालचा फोनसुद्धा.

सुनीती समितीकडे वळून हिंदीत म्हणाली, "मैं अब उधर नहीं बैठ सकती. मैं गवाह हूँ. ग्यारह दिन हैं, तारीख़ें इन पर हैं. बारहवाँ आप लोगों के सामने अभी हुआ. हर दिन क्या कहा, मैं एक-एक शब्द बता दूँगी. लिखिए." वकीलबाईंनी पेन उचललं होतं. "और ये भी लिखिए, कि सबके साथ मैं भी हँसती थी."

शेजारी मुक्ता तिच्याकडे बघत होती, आधी काही न कळल्यासारखी, मग एकेक गोष्ट कळत गेल्यासारखी. हॉल कळला असावा. घाट कळला असावा, आणि आईचा फोन.

"काकू," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला कळत होतं?"

ज्या प्रश्नाला भिऊन सुनीती इतके महिने जगली होती तो हाच. तिनं खाली पाहिलं नाही.

"हो बाळ," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."